पट्टी बदलताना

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी मी पहिल्यांदा तानपुरा काढला, तेव्हा षड्ज जागेवर होता, पंचमही लागला, पण तार षड्जाकडे जाताना गळ्यातून नुसती हवा आली. थायरॉइडची गाठ काढताना आवाजाला उंच नेणाऱ्या नसेला इजा पोहोचू शकते, हे मला आधी सांगण्यात आले होते आणि तशा कागदावर मी सहीही केली होती, त्यामुळे कुणाला बोल लावण्याचे कारण नव्हते. चोवीस वर्षे मी काळी पाच या पट्टीत गात आले होते. हमीर रागातला धैवत लागला की समोर बसलेल्यांच्या माना हलतात, हे मी शाळकरी वयापासून पाहिले होते. तो धैवत आता कसाबसा लागत होता आणि त्याच्या वर काहीच उरले नव्हते. दौलतगंजातल्या आत्याने तानसेनाच्या समाधीशेजारच्या चिंचेचा पाला रुमालात बांधून आणला. “चावून खा, बेटा. लहानपणी याच पाल्याने सूर लागला होता तुझा,” एवढे बोलून, माझ्या गळ्यावरच्या व्रणाकडे न पाहता ती स्वयंपाकघरात निघून गेली. ग्वाल्हेरात गाणे शिकणाऱ्या मुलांना हा पाला कधी ना कधी चावायला देतातच. चाळिशीत मी तो पुन्हा चावला.

त्याच हिवाळ्यात बंगळुरूहून सुटीवर आलेल्या भाच्याने, “मावशी, हे एकदा ऐक,” म्हणत माझ्या कानांना हेडफोन लावून दिला. बंद घरातल्या जुन्या पियानोवर कुणी चाचपडत बोटे ठेवावीत तसे मोजके स्वर होते, आणि त्यांच्यावर एका बाईचा उंच, पातळ, काठावर थरथरणारा आवाज. रेकॉर्डचे नाव होते ‘व्हाइट चॉक’, साल २००७, आणि गायिका होती इंग्लंडची पी. जे. हार्वी. ऐकताना मला वाटले की हिचाही गळा गेला आहे. मग भाच्याने तिचेच १९९३चे एक गाणे लावले. तो आवाज पोटातून येत होता, कुजबुजीतून एकाएकी गर्जनेत जात होता आणि गिटारच्या कल्लोळाला पुरून उरत होता. “हा आवाज गेला कुठे?” मी विचारले. भाचा म्हणाला, “कुठेच गेला नाही, मावशी. तिने तो वापरला नाही.”

त्या उत्तराने मी अस्वस्थ झाले. माझ्याकडून जे काढून घेतले गेले होते, तशा कमावलेल्या गोष्टीला ही बाई स्वतःहून बाजूला ठेवत होती. पुढचे वर्षभर मी तिच्या रेकॉर्ड क्रमाने ऐकल्या, मिळाल्या तेवढ्या मुलाखती वाचल्या, आणि जे कळत गेले ते घराण्याच्या गाण्यात वाढलेल्या कानांनीच तोलत गेले, कारण माझ्याजवळ दुसरे माप नाही.

आमच्याकडचे माप काय आहे, ते आधी सांगायला हवे. ग्वाल्हेरची गायकी खुल्या, दमदार आकाराची आहे. इथे आवाज एकदा घडवायचा आणि मग आयुष्यभर त्याच आवाजाने राग मांडत राहायचे, ही आमची श्रद्धा. कृष्णराव शंकर पंडितांची उतारवयातली ध्वनिमुद्रणे ऐकली, तर शरीर थकले तरी स्वर लावण्याची ठेवण तीच असल्याचे लक्षात येते. १८९३ साली जन्मलेल्या आणि १९८९ साली गेलेल्या त्या माणसाने जवळजवळ एका शतकाच्या उलथापालथीत एकच आवाज जपला. आणि या निष्ठेची किंमत सांगणारी हस्सू खाँची आख्यायिका तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या प्रत्येक गाणाऱ्या घरात सांगितली जाते. शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ यांची तानबाजी हद्दू आणि हस्सू या भावांनी कित्येक महिने पडद्याआड लपून ऐकली, ती गळ्यात उतरवली, आणि पुढे ‘कडक बिजली’ नावाची तान घेताना हस्सू खाँची बरगडी मोडली, तोंडातून रक्त आले, तरी तान पुरी करूनच ते कोसळले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा येत असे आणि असेच गावे असे वाटत असे. शस्त्रक्रियेनंतर मात्र तिच्यातला एक प्रश्न मला टोचू लागला: त्या तानेची त्या रागाला खरोखर गरज होती का?

पॉली जीन हार्वीचा जन्म ९ ऑक्टोबर १९६९ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यातल्या ब्रिडपोर्टचा. ती वाढली जवळच्या कॉर्सकम या लहानशा खेड्यात, मेंढ्या पाळणाऱ्या घरात. वडिलांचा दगडाच्या खाणीचा व्यवसाय होता आणि आई दगडाची शिल्पे करीत असे. हे वाचले तेव्हा ती मला प्रथमच जवळची वाटली. आमचे ग्वाल्हेर वालुकाश्माच्या टेकडीभोवती वसलेले आहे. किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आणि मोहम्मद घौसांच्या मकबऱ्याच्या जाळ्या पाहतच इथली मुले मोठी होतात. दगड घडवणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते की आकार आत असतो आणि हातांनी फक्त अनावश्यक ते काढून टाकायचे असते. हार्वीला लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या कलाशाळेत शिल्पकलेसाठी प्रवेश मिळाला होता. ती तिथे गेली नाही. पण तिच्या कामात ती छिन्नी मला सतत दिसते.

घरात आईवडिलांच्या संग्रहातल्या अमेरिकन ब्लूजच्या रेकॉर्ड वाजत असत, म्हणजे तिचा रियाझ कानांनी सुरू झाला. आधी ती सॅक्सोफोन शिकली. १९८८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, जॉन पॅरिश यांच्या ‘ऑटोमॅटिक डलामिनी’ या वाद्यवृंदात ती गिटार वाजवू आणि साथीला गाऊ लागली. तीन वर्षांनी तिने ड्रम आणि बेस गिटार वाजवणारे दोघे सोबत घेऊन स्वतःची तिघांची मंडळी उभी केली. त्यांचा पहिला कार्यक्रम एप्रिल १९९१ मध्ये चारमथ नावाच्या गावी झाला. पन्नासेक माणसे आली होती आणि पहिल्याच गाण्यात जवळपास सारी उठून गेली. एक बाई तर ड्रमवाल्याजवळ येऊन सांगून गेली की तुम्ही कुणालाच आवडत नाही, पैसे देतो पण वाजवणे थांबवा. हा प्रसंग हार्वीने स्वतःच पुढे सांगितला आहे. आमच्याकडे बैठकीत श्रोते कंटाळले तर पान लावायला उठतात, तेवढेसुद्धा मनाला लागते, त्यामुळे त्या संध्याकाळी एकवीस वर्षांच्या मुलीने गिटार खोक्यात परत कशी ठेवली असेल, याचा विचार मी बरेचदा केला आहे.

पुढच्याच वर्षी ‘ड्राय’ आली आणि त्यानंतर १९९३ मध्ये ‘रिड ऑफ मी’. रॉकच्या मोठ्या बाजारपेठेपासून अंतर राखून उभे राहिलेले, आवाजाचा खरखरीतपणा पुसून न टाकणारे जे संगीत त्या दशकात अल्टरनेटिव्ह रॉक म्हणून ओळखले गेले, त्यात या रेकॉर्डचे स्थान फार वरचे आहे. ‘रिड ऑफ मी’ अमेरिकेत मिनेसोटातल्या एका आडगावच्या स्टुडिओत स्टीव्ह अल्बिनी यांनी ध्वनिमुद्रित केली. वादक एका खोलीत जसे वाजवतात तसेच ते टिपावे, वरून झिलई चढवू नये, अशी त्यांची रीत होती. हळू भाग इतका हळू की आपण आवाज वाढवावा, आणि तेवढ्यात सारे अंगावर कोसळावे, अशी ती रेकॉर्ड आहे. मला तिच्यात गमकेची आठवण होते. आमच्याकडेही स्वराला धक्का देतात, पण तो लयीच्या कुंपणात. इथे कुंपणच हलते. गाण्यांतली स्त्री विनवते, धमकावते, हट्ट धरते, आणि गाणारी तिला सभ्य करण्याचा जराही प्रयत्न करीत नाही. त्याच वर्षी तिने घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर एकटीने केलेले कच्चे मुद्रणही स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून प्रसिद्ध केले, आणि त्यात कळते की तो सारा कल्लोळ एका मुलीच्या खोलीत आधीपासून पूर्ण तयार होता.

याच ठिकाणी बहुतेक कलावंत थांबतात. लोकांना जे आवडले आहे ते पुन्हा देत राहावे, हा मोह केवळ पैशाचा नसतो. आपल्याला जे साधले आहे त्याची ऊबच मोठी असते. हार्वीने ती तिघांची मंडळी मोडली. १९९५च्या ‘टू ब्रिंग यू माय लव्ह’मध्ये ऑर्गन आला, खर्ज आणखी खाली उतरला, जुन्या ब्लूजमधली नदी, पाप आणि प्रार्थना आली. निर्मितीत ‘फ्लड’ या टोपणनावाचे निर्माते आणि जॉन पॅरिश होते, आणि ही दोन माणसे पुढे जवळपास तीस वर्षे तिच्या आसपास राहिली. त्या वर्षीच्या ग्लास्टनबरी महोत्सवात ती भडक गुलाबी, अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखात, चेहऱ्यावर जाड रंग लावून उभी राहिली. आदल्या रेकॉर्डच्या काळात साध्या काळ्या कपड्यांत, केस मागे बांधून गाणाऱ्या मुलीचा तिथे मागमूस नव्हता. आमच्या पिढीला संगीत नाटकाची ओळख असल्याने मला हे वेषांतर समजले: पात्र बदलले की साज बदलतो.

नंतरच्या दोन-तीन रेकॉर्डवर मी फार रेंगाळत नाही, कारण त्या मला कौशल्याच्या वाटल्या तरी मनात तितक्या खोल गेल्या नाहीत. त्यांतली २०००ची, न्यूयॉर्कच्या वास्तव्यातून आलेली रेकॉर्ड सर्वांत मोकळी आणि सर्वांत लोकप्रिय ठरली आणि तिला ब्रिटनचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. ते मिळवणारी ती पहिली एकल गायिका. मात्र पारितोषिकाचा दिवस होता ११ सप्टेंबर २००१. हार्वी त्या दिवशी दौऱ्यानिमित्त वॉशिंग्टनमध्ये होती, हॉटेलच्या खिडकीतून तिला जळते पेंटागॉन दिसत होते, आणि सन्मान तिने फोनवरून स्वीकारला. एका मोठ्या शहराच्या प्रेमात लिहिलेल्या गाण्यांचा गौरव ते शहर धुरात असताना व्हावा, याचे तिच्यावर काय ओझे राहिले असेल ते मी सांगू शकत नाही; एवढे खरे की दहा वर्षांनी तिची युद्धावरची गाणी आली.

त्याआधी आली ‘व्हाइट चॉक’. तिला पियानो जवळजवळ येत नव्हता, आणि म्हणूनच तिने तो निवडला. गिटारवर बोटे आपोआप ओळखीच्या जागी जातात. अनोळखी वाद्यावर प्रत्येक स्वर शोधावा लागतो. गळ्याचेही तसेच केले. ज्या मंद्र आणि मध्य सप्तकावर तिची सारी ओळख उभी होती ते सोडून ती अशा उंचीवर गेली, जिथे तिच्या आवाजाला आधार नव्हता. जेमतेम ३४ मिनिटांची ही रेकॉर्ड आहे. मुखपृष्ठावर जुन्या धाटणीच्या पांढऱ्या पोशाखात ती बसली आहे आणि नाव डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या खडूच्या पांढऱ्या टेकड्यांचे आहे. गाण्यांत मेलेली आजी आहे, न जन्मलेली मुले आहेत, एकट्या बाईचे घर आहे. मी ती रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर ऐकत असे. तो आवाज ठणठणीत लागला असता तर ती गाणी खोटी झाली असती, हे मला चौथ्या-पाचव्या वेळी जाणवले, आणि ज्या थरथरीला मी गेलेला गळा समजले होते ती तिने घडवून आणलेली होती, हेही.

२०११च्या ‘लेट इंग्लंड शेक’च्या वेळी तिने ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. भारदस्त, पिकलेल्या आवाजात ती गाणी साफ चुकीची वाटत होती, म्हणून हळूहळू एक वेगळा आवाज शोधावा लागला, जो घडलेले सांगणाऱ्या निवेदकाचा असेल. आधी दोन-अडीच वर्षे तिने केवळ शब्द लिहिले. युद्धांचा इतिहास वाचला, सैनिकांच्या साक्षी वाचल्या. स्वर मागाहून आले, तेही बरेचसे ऑटोहार्प या मांडीवर धरून वाजवायच्या तंतुवाद्यावर. ध्वनिमुद्रण झाले डॉर्सेटमध्येच, ईप या गावच्या समुद्राकाठच्या चर्चमध्ये. काही गाणी पहिल्या महायुद्धातल्या, तुर्कस्तानातल्या १९१५च्या गॅलिपोलीच्या मोहिमेची आहेत. ज्या गोष्टी सांगताना कुणीही ओरडले असते त्या ती जवळजवळ बालगीतासारख्या चालीत सांगते, आणि म्हणून प्रेतांचा उल्लेख आल्यावर ऐकणाऱ्याला पळायला वाट राहत नाही. एका गाण्यात लष्करी बिगूल मुद्दाम तालाबाहेर वाजत राहतो. समेवर येण्याची वाट पाहणाऱ्या माझ्या कानांना तो पहिल्यांदा असह्य झाला होता.

या रेकॉर्डने तिला दुसऱ्यांदा मर्क्युरी मिळवून दिले, आणि तो मान दोनदा मिळालेली ती आजवरची एकमेव कलावंत आहे. मला मात्र ती ऐकताना माझे गाव आठवते. आम्ही राहतो त्या भागाचे नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांच्या छावणीची इथे वस्ती झाली. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेर संस्थानाचे पायदळ पूर्व आफ्रिकेत गेले होते, आणि माधवराव शिंद्यांच्या पुढाकाराने संस्थानिकांनी विकत घेतलेल्या एका जहाजाचे ‘लॉयल्टी’ नावाचे तरंगते रुग्णालय झाले होते. आमच्या घराण्याच्या इतिहासात दरबार आहे, बिदागी आहे, मानपान आहे. पण त्याच दरबाराच्या सैन्यातून समुद्रापार गेलेल्या माणसांविषयीची एकही बंदिश मला कुणी शिकवली नाही, आणि हे माझ्या ध्यानात आणून दिले एका इंग्रज बाईने.

पुढच्या टप्प्याबद्दल माझे मत दुहेरी आहे. छायाचित्रकार शेमस मर्फी यांच्यासोबत ती कोसोव्हो, अफगाणिस्तान आणि वॉशिंग्टन येथे हिंडली, कविता लिहिल्या, आणि २०१५च्या आरंभी लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये काचेच्या खोलीत बसून नवी रेकॉर्ड केली. काच एकाच बाजूने दिसणारी होती. तिकीट काढलेले लोक पाऊण तास बाहेर उभे राहून काम पाहत, आतल्यांना ते दिसत नसत. हे वाचले तेव्हा मला पडद्याआडचे हद्दू-हस्सू आठवल्यावाचून राहिले नाहीत. त्या काळी उस्तादाची विद्या चोरून ऐकावी लागे. इथे चुकणे, पुन्हा गाणे, वैतागणे, सारे तिने स्वतःच ऐकायला दिले. त्यातून आलेली २०१६ची ‘द होप सिक्स डिमॉलिशन प्रोजेक्ट’ ही तिची ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली एकमेव रेकॉर्ड. तरीही तीत ती मोटारीच्या खिडकीतून पाहते आहे असे मला वाटत राहिले. वॉशिंग्टनमधल्या एका गरीब वस्तीच्या वर्णनावर तिथल्या स्थानिक राजकारण्यांनी नाराजी व्यक्त केली, आणि त्यांचे मला पटते. गॅलिपोलीला ती कधी लढली नव्हती, पण त्या मृतांसाठी तिने आवाज शोधला होता. या वेळी बहुधा वही भरली आणि आवाज शोधायचा राहिला.

त्यानंतर सात वर्षे नवी रेकॉर्ड आली नाही. त्या काळात तिने कवी डॉन पॅटरसन यांच्याकडे कवितेची शिकवणी धरली आणि २०२२ मध्ये ‘ऑर्लम’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. ते डॉर्सेटच्या जुन्या बोलीत आहे. विल्यम बार्न्स या एकोणिसाव्या शतकातल्या पाद्री कवीने त्या बोलीत कविता लिहिल्या होत्या आणि तिचे शब्द नोंदून ठेवले होते. विरत चाललेले ते शब्द तिने एका नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडी घातले. पन्नाशीच्या आसपासच्या, सन्मान मिळालेल्या गायिकेने शिष्य म्हणून बसावे आणि मग आपल्या खेड्याच्या भाषेकडे परतावे, याने मी हलून गेले. आमची आजी पोळ्या ‘भाजत’ नसे, ‘शेकत’ असे, आणि गाडी चुकली की ‘गाडी सुटली’ म्हणे. पुण्याच्या नातेवाइकांसमोर मी तिचे असे शब्द दुरुस्त केले आहेत. ती तेव्हा काही बोलत नसे.

त्या कवितांतूनच २०२३ची ‘आय इनसाइड द ओल्ड इयर डाइंग’ आली, पुन्हा फ्लड आणि पॅरिश यांच्यासोबत. हार्वीने सांगितले आहे की ध्वनिमुद्रणात ती ओळखीच्या ‘पी. जे. हार्वी आवाजा’त गाऊ लागली की हे दोघे तिला थांबवत. तीस वर्षांच्या साथीदारांनी असे थांबवणे आणि तिने थांबणे, या दोन्ही गोष्टी मला विलक्षण वाटतात.

ते वाचल्यावर मी गुरुजींकडे गेले. चौदा महिने मी त्यांना टाळले होते. त्यांनी तब्येत विचारली, गळा कसा आहे ते विचारले नाही. मी सवयीने काळी पाच सांगितली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, तानपुरा पांढरी चारवर उतरवला, आणि मग पहिली तार पंचमावरून खाली आणू लागले. मी म्हणाले, “गुरुजी, हमीरला पंचम हवा ना?”

“हमीर राहू दे आता. पूरिया घे.”

पूरियात पंचम लागत नाही. तार मंद्र निषादावर येऊन थांबली. त्यांनी जवारी साफ केली आणि तानपुरा माझ्याकडे सरकवला. मी डोळे मिटून वाट पाहिली, मग निषाद लावला, आणि गुरुजी पुढच्या स्वराकडे जाण्याची खूण करीत नव्हते म्हणून तिथेच राहिले.